वाहनाच्या चाकाचा तोल व टायरमध्ये घालण्याचे सुटे पदार्थ

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शेतमालाच्या वाहतुकीच्या दृष्टीने एक पाठ)

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील डोंगराळ तालुके प्रामुख्याने भातशेतीचे म्हणून ओळखले जातात. खरिपात भात, नाचणी व वरी, आणि भात निघाल्यावर जेथे ओलावा किंवा पाण्याची सोय आहे तेथे वाल, भेंडी, काकडी, कारली असा येथील पिकांचा सर्वसाधारण क्रम आहे. भात कणगीत काही दिवस थांबू शकतो. भेंडी थांबत नाही. दिवसा तोडलेली भेंडी रात्री पिकअपमध्ये भरून पहाटेच्या आत कल्याणच्या किंवा वाशीच्या बाजारात उतरली, तरच तिला योग्य भाव मिळतो. वाटेत टायर फुटून गाडी तीन-चार तास अडकली, तर त्या दिवसाचा माल पडेल त्या भावाने द्यावा लागतो आणि आठवडाभराच्या मेहनतीवर पाणी पडते. माळशेज किंवा कसारा घाटाच्या उतारावर पुढचे टायर फुटले, तर प्रश्न भावाचा उरत नाही, जिवाचा होतो. म्हणून नांगर, बी व खत यांच्याइतकीच चाकाची माहिती शेतकऱ्यास असणे आज अगत्याचे झाले आहे.

या चाकाच्या संदर्भात एक विचार अलीकडे वारंवार ऐकू येतो. गाडीने ताशी ६० किंवा ७० किलोमीटरचा वेग घेतला की स्टिअरिंग थरथरू लागते. चाकाचा तोल बिघडला आहे, असे निदान होते. मग कोणी सुचवितो की, यंत्रावर तोल करण्यासाठी तालुक्याच्या गावी कशास जावे? टायरमध्ये बारीक मणी, भुकटी किंवा एखादा द्रव पदार्थ घातला म्हणजे तो आपोआप हलक्या बाजूस जाऊन बसतो व चाक समतोल फिरू लागते. कोणी त्याही पुढे जाऊन नदीची बारीक वाळू किंवा तांदळाची कणी घालण्याचा सल्ला देतो. या कल्पनेत तथ्य किती, धोका कोणता, आणि ट्रॅक्टरच्या चाकात जे पाणी भरतात त्याचा या गोष्टीशी संबंध काय, याचा विचार या पाठात केला आहे.

तोल म्हणजे काय?

चाकाचे वजन आसाभोवती सर्व बाजूंस सारखे वाटले गेले असेल, तर चाक समतोल आहे असे म्हणतात. प्रत्यक्षात कोणतेही टायर तंतोतंत सारख्या जाडीचे नसते; रिमला व्हॉल्व्हचे भोक असते, व्हॉल्व्हचे वजन असते, आणि वापराने टायर एका जागी अधिक घासते. त्यामुळे चाकाची एक बाजू थोडी जड राहते.

हे पाहण्यास सायकल पुरे आहे. सायकल उलटी करून पुढचे चाक सावकाश फिरवावे व आपोआप थांबू द्यावे. बहुतेक वेळा ते एकाच जागी थांबते, आणि जी बाजू खाली येते ती जड असते. आता समोरच्या बाजूच्या ताराला ओल्या मातीची लहान गोळी चिकटवावी व गोळी लहानमोठी करीत जावे. चाक कोठेही सोडले तरी तेथेच स्थिर राहू लागले, म्हणजे तोल साधला. गॅरेजमध्ये रिमच्या काठाला शिशाचे किंवा लोखंडाचे जे तुकडे बसवितात, ते हेच काम करतात.

मात्र मोटारीचे चाक सायकलच्या चाकापेक्षा रुंद असते. त्याची जड जागा आतल्या काठावर असू शकते किंवा बाहेरच्या. आतली जड जागा वर व बाहेरची जड जागा खाली, अशी स्थिती असेल, तर स्थिर चाक समतोल भासते. परंतु वेगाने फिरताच ते डावी-उजवीकडे डुलू लागते. हा दोष चाक हाताने फिरवून कळत नाही. त्यासाठी चाक यंत्रावर फिरवून दोन्ही काठांवर स्वतंत्र वजने बसवावी लागतात.

वेगाचा हिशेब

चाकाच्या एका बाजूस ५०-६० ग्रॅम वजन जास्त असल्याने काय बिघडणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर हिशेबाने द्यावे.

पिकअपच्या चाकाचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर धरला, तर ते एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर अंतर कापते. ताशी ८० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला सुमारे १० फेरे घेते. अशा चाकाच्या टायरवर, धावत्या पृष्ठभागाजवळ, ६० ग्रॅम वजन जास्त असेल, तर त्याचा आसावर पडणारा ओढा सुमारे ८ किलो वजनाइतका होतो. हा ओढा सतत दिशा बदलतो. म्हणजे सेकंदाला १० वेळा आठ किलोच्या घणाने आस वर-खाली व पुढे-मागे ओढला जातो.

वेग निम्मा झाला की हा ओढा निम्मा होत नाही, चतुर्थांश होतो. म्हणून ताशी ४० किलोमीटर वेगाला तो सुमारे २ किलो व ताशी २० किलोमीटर वेगाला सुमारे अर्धा किलो एवढाच राहतो. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, बैलगाडीच्या हवेच्या चाकांना, म्हणजे ज्यांना आपल्याकडे डनलॉपची गाडी म्हणतात तिला, किंवा शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरला या तोलाची चिंता करण्याचे कारण नाही. दुसरी ही की, जी गाडी गावच्या रस्त्यावर निर्दोष वाटते, तीच मुंबई–नाशिक महामार्गावर थरथरू शकते. दोष नवा उत्पन्न झालेला नसतो. वेगाने तो उघडकीस आणलेला असतो.

सुट्या पदार्थाची कल्पना कोठून आली?

फिरत्या वस्तूने आपला तोल आपणच साधावा, ही कल्पना खोटी नाही व नवीही नाही. दूध-व्यवसायातील लोकांस साय वेगळी काढण्याचे यंत्र परिचित आहे. स्वीडनचे अभियंते गुस्ताफ द लावाल यांनी १८७८ मध्ये सतत चालणारे असे यंत्र सिद्ध केले. वाफेवर अतिवेगाने फिरणारे चक्र तयार करताना, चक्राचा आस जाड व ताठ करण्याऐवजी त्यांनी तो बारीक व लवचीक केला. आरंभी असे चक्र फार थरथरते. परंतु एक विशिष्ट वेग ओलांडल्यावर ते शांत होऊन आपल्या वजनाच्या मध्याभोवती फिरू लागते, हे त्यांनी १८८९ च्या सुमारास दाखवून दिले. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फिरत्या चक्राभोवती पोकळ कडे बसवून त्यात द्रव किंवा सुट्या गोळ्या ठेवण्याच्या योजना निघाल्या.

आज वरून कपडे घालावयाच्या धुलाई यंत्रात याचे उदाहरण घरोघरी दिसते. त्याच्या टोपलीच्या वरच्या काठाला एक पोकळ कडे असते व त्यात मिठाचे पाणी भरलेले असते. ओल्या कपड्यांचा गोळा एका बाजूस झाला, तरी टोपली वेगात आल्यावर हे पाणी दुसऱ्या बाजूस सरकते आणि यंत्राची धडधड कमी होते. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या मालट्रकांचे काही चालक टायरमध्ये बारीक गुळगुळीत मणी, पाव किलोपासून पुढे, घालतात. कोणी गोल्फचे चेंडूही घालतात. तेव्हा कल्पना पोरकट म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. ती कोणत्या स्थितीत लागू पडते, हे मात्र समजून घ्यावे लागते.

दोरीला बांधलेल्या दगडाचा प्रयोग

हे समजण्यासाठी ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने पुढील प्रयोग चावडीवर करून दाखवावा. हातभर दोरीला लहान दगड बांधून तो लोंबता धरावा. हात सावकाश डावी-उजवीकडे हलविला, तर दगड हाताबरोबर जातो. हाताची लय दगडाच्या स्वतःच्या झोक्याशी जुळली, की थोड्याशा हालचालीनेही दगड मोठे झोके घेऊ लागतो. पाळण्याला योग्य वेळी दिलेला हलका धक्का जसा तो उंच नेतो, तसेच हे घडते. आता हात याहूनही जलद हलवावा. दगड जवळजवळ जागच्या जागी राहतो आणि जो किंचित हलतो तो हाताच्या उलट दिशेस.

चाकाचेही असेच आहे. चाक, टायर व स्प्रिंग मिळून त्यांची एक स्वाभाविक लय असते. त्या लयीपेक्षा सावकाश फिरणाऱ्या चाकात आस जड बाजूकडे ओढला जातो. त्यामुळे प्रत्यक्ष फिरण्याचा मध्य हलक्या बाजूकडे येतो आणि त्या मध्यापासून सर्वांत दूर राहते ती जड बाजू. सुटा पदार्थ नेहमी मध्यापासून दूरच्या जागेकडे धावतो. म्हणून तो जड बाजूसच जाऊन बसतो व दोष वाढवितो. स्वाभाविक लयीपेक्षा जलद फिरणाऱ्या चाकात हे उलट होते. तेथे मध्य जड बाजूकडे सरकतो, हलकी बाजू दूर राहते, आणि सुटा पदार्थ तिकडे जाऊन तोल साधतो.

सारांश, सुटा पदार्थ हलकी बाजू ओळखत नाही. तो फक्त दूरची बाजू गाठतो. ती हलकी असेल की जड, हे वेगावर अवलंबून असते.

वाहनाच्या चाकात काय घडते?

धुलाई यंत्राची टोपली स्प्रिंगांवर मोकळी टांगलेली असते. तिची लय मंद व फिरण्याचा वेग मोठा असतो. म्हणून तेथे ही युक्ती साधते. मोटारीचे चाक याहून वेगळ्या स्थितीत असते. ते खाली ताठ टायरवर व वर भारी स्प्रिंगवर अडकलेले असते, आणि त्याची वर-खाली हिसकण्याची स्वाभाविक लय साधारणतः सेकंदाला १० ते १५ एवढी असते. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे पिकअपचे चाक ताशी ८० किलोमीटर वेगाला सेकंदाला १० फेरे घेते. म्हणजे शेतमालाच्या गाड्या ज्या वेगाने चालतात, त्या वेगांत चाक आपल्या या लयीच्या अलीकडेच किंवा तिच्या आसपास राहते. सुट्या पदार्थाने निश्चित लाभ द्यावा, अशी स्थिती तेथे हमखास निर्माण होत नाही. ज्यांनी हे पदार्थ वापरले, त्यांचे अनुभव एकसारखे का नाहीत, हेही यावरून ध्यानात येते.

शहापूर–किन्हवली–सरळगाव किंवा मुरबाड–धसई यांसारख्या रस्त्यांचा विचार केला, तर अडचणी आणखी वाढतात. या रस्त्यांवर वळणे, चढ-उतार व पावसाळ्यात खड्डे यांमुळे वेग वारंवार कमी करावा लागतो. टायरमधील सुटे कण ताशी सात-आठ किलोमीटरपेक्षा अधिक वेग असेल तरच टायरच्या आतील पृष्ठभागास चिकटून फिरू शकतात. त्याखाली ते तळाशी घरंगळतात. प्रत्येक थांब्याबरोबर त्यांची मांडणी मोडते, आणि प्रत्येक खड्ड्याबरोबर ती विस्कटते. शिवाय चाकाच्या आतल्या व बाहेरच्या काठांतील फरक, ज्यामुळे चाक डावी-उजवीकडे डुलते, तो मध्यभागी फिरणाऱ्या सुट्या कणांनी भरून निघेल असा भरवसा धरता येत नाही.

टायरमध्ये काय घालू नये?

ज्यांस हा प्रयोग करून पाहण्याची इच्छा होते, ते बहुधा विकतचे मणी न घेता हाताशी असलेली वस्तू वापरतात. यातच खरा धोका आहे.

वाळू व खडी : वाळूचा प्रत्येक कण टोकदार असतो. ट्यूबलेस टायरच्या आत हवा धरून ठेवणारा रबराचा पातळ थर असतो. हजारो फेऱ्यांत वाळू हा थर घासून काढते. हवा टायरच्या सांगाड्यात शिरते, फुगा येतो व शेवटी टायर फुटते. ट्यूब असलेल्या टायरमध्ये वाळू टायर व ट्यूब यांच्यामध्ये राहिली, तर ट्यूब याहूनही लवकर झिजते.

तांदूळ, कणी, भुसा किंवा मीठ : टायरमध्ये भरली जाणारी हवा कोरडी नसते, कोकणच्या पावसाळ्यात तर नसतेच. धान्य ओलावा धरते, त्याचे पीठ होते व त्याचा एका जागी घट्ट गोळा बसतो. जे तोल साधण्यासाठी घातले, तेच कायमचा बेतोल होऊन बसते. मिठाने रिम गंजते व ट्यूबलेस टायरची रिमवरील बैठक खराब होऊन हवा गळू लागते.

पिकअप व जीपच्या चाकात पाणी : थोडे पाणी रात्रभर तळाशी साचते, गाडी सुटताना व ब्रेक लावताना ते हिंदकळते आणि रिमला आतून गंज चढवते.

छिद्र बुजविणारे द्रव : हे द्रव ट्यूबलेस टायरच्या बारीक छिद्रासाठी तात्पुरते उपयोगी पडतात. परंतु ते तोल साधण्याचे साधन म्हणून घालू नयेत. उभ्या गाडीत ते तळाशी उतरतात आणि गाडी सुटल्यावर काही अंतरापर्यंत उलट थरथर उत्पन्न करतात. मणी व द्रव एकत्र घातल्यास मण्यांचे गठ्ठे होतात.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. सुटा पदार्थ व्हॉल्व्हमध्ये अडकला, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही व हवा हळूहळू उतरते. कमी हवेवर धावणारे टायर बाजूंनी सारखे वाकते, तापते व फुटते. म्हणजे थरथर घालविण्यासाठी केलेला उपाय टायर फुटण्यास कारण होतो.

ट्रॅक्टरच्या चाकातील पाणी

ट्रॅक्टरच्या मागील चाकांत पाणी भरण्याची पद्धत मान्य व उपयुक्त आहे. परंतु तिचा हेतू तोल साधणे हा नसून वजन वाढविणे हा आहे. हे दोन हेतू भिन्न आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. कोरड्या जमिनीत नांगरट करताना हलक्या ट्रॅक्टरची चाके जागीच फिरतात. त्यात डिझेल व टायर दोन्ही वाया जातात. वजन वाढले की पकड वाढते. मध्यम आकाराच्या ट्रॅक्टरच्या मागील एका टायरमध्ये सुमारे १५० लिटर पाणी मावते. म्हणजे प्रत्येक चाकावर दीडशे किलो वजन वाढते.

पाणी भरताना पुढील क्रम पाळावा :

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, दुसऱ्या चाकांना ओंडके लावून, मागील चाक जॅकवर उचलावे.

२. व्हॉल्व्ह सर्वांत वर येईल असे चाक फिरवावे व हवा पूर्ण सोडावी.

३. हवा बाहेर पडण्यास वाट असलेली जोडणी लावून स्वच्छ पाणी भरावे. पाणी व्हॉल्व्हपर्यंत आले की थांबावे. या रीतीने टायरचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याने भरतो. उरलेली जागा हवेसाठी हवीच. हवा नसेल तर टायर दणका सोसू शकत नाही.

४. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबाप्रमाणे हवा भरावी. दाब मोजताना व्हॉल्व्ह वरच ठेवावा, म्हणजे पाणी मापकात शिरत नाही.

५. दोन्ही मागील चाकांत पाणी सारखे भरावे.

थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात क्षार मिसळतात. ठाणे जिल्ह्यात त्याची काहीही गरज नाही. क्षाराने रिम मात्र गंजेल.

या दोन तालुक्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, भाताच्या खाचरात चिखलणी करताना हे वाढीव वजन उपकारक नसते. तेथे ट्रॅक्टर रुतण्याची भीती असते व जड चाकांनी खाचराच्या तळाची माती अधिक दाबली जाते. म्हणून चिखलणीपूर्वी पाणी काढून टाकावे व केज व्हील, म्हणजे लोखंडी जाळीची चाके, वापरावीत. चिखलणी संपल्यावर डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी केज व्हील उतरवावीत. ती रस्ताही फोडतात व ट्रॅक्टरचा ताबाही कमी करतात.

चाक थरथरल्यास काय करावे?

थरथरीचे कारण दर वेळी तोलच असते असे नाही. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी. यातील बहुतेक कामे घरच्या घरी होतात.

प्रथम चिखल पाहावा. आवणीच्या दिवसांत शेताच्या बांधापर्यंत गेलेल्या गाडीच्या रिममध्ये आतल्या बाजूस चिखल बसतो व वाळून दगडासारखा होतो. असा २०० ग्रॅम चिखल रिमच्या एका बाजूस राहिला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला तो सुमारे ८ किलोचा ओढा निर्माण करतो. हा टायरच्या बाहेरचा सुटा पदार्थ! कित्येक गाड्यांची थरथर लाकडी पट्टी व बादलीभर पाणी यांनीच जाते. त्यास एक पैसाही लागत नाही.

नंतर हवा पाहावी. हवा नेहमी टायर थंड असताना मापकाने मोजावी. लाथ मारून किंवा हातोडी ठोकून हवेचा अंदाज घेणे सोडून द्यावे. भरलेल्या गाडीसाठी कारखान्याने दिलेला दाब रिकाम्या गाडीच्या दाबाहून अधिक असू शकतो.

त्यानंतर टायर पाहावे. बाजूस फुगा, चीर, बाहेर आलेला धागा यांपैकी काहीही दिसले, तर ते टायर पुढच्या चाकाला मुळीच ठेवू नये व शक्य तितक्या लवकर बाद करावे. अशा टायरचा तोल कितीही नेमका केला, तरी ते सुरक्षित होत नाही. नियमाप्रमाणे चारचाकी वाहनाच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. बहुतेक टायरांच्या खाचांत यासाठी लहान उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांना टेकली की टायर संपले असे समजावे. २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाने टायर तपासण्याची मोहीम हाती घेतली, ती घासलेल्या टायरांचा धोका ओळखूनच. हा महामार्ग ५ जून २०२५ पासून शहापूर तालुक्यातून पुढे भिवंडी तालुक्यातील आमण्यापर्यंत खुला झाला आहे. म्हणून मोठ्या वेगाच्या रस्त्यावर जुन्या टायरांनी जाण्याचा मोह येथील वाहनधारकांनी विशेषकरून टाळावा.

मग नट, रिम व बेअरिंग पाहावेत. चाक जॅकवर उचलून फिरवावे. जवळ एक काठी रोवून ठेवावी. रिम काठीपासून कोठे दूर व कोठे जवळ जाते, हे पाहिल्यास वाकलेली रिम लगेच कळते. चाक वर-खाली धरून हलविल्यास खडखडले, तर बेअरिंग किंवा सांधे सैल आहेत असे समजावे. सैल नट हे प्राणघातक ठरू शकतात. ते पान्याने आळीपाळीने, समोरासमोरचे, आवळावेत.

एवढे सर्व ठीक असूनही थरथर राहिली, तरच चाक यंत्रावर नेऊन दोन्ही काठांवर तोल करून घ्यावा. तोल व चाकांची दिशा या दोन भिन्न गोष्टी आहेत. गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूस ओढते किंवा टायर एकाच काठाने झिजते, तेव्हा दोष दिशेचा असतो व तोल करून तो जात नाही. पंक्चर काढल्यावर टायर त्याच जागी बसावे म्हणून उतरविण्यापूर्वी टायर व रिम या दोहोंवर खडूने खूण करावी. नवे टायर बसविल्यावर व जोराचा दणका बसल्यावर तोल पुन्हा तपासावा.

सुरक्षिततेच्या चार गोष्टी

मालट्रक व काही ट्रॉलींच्या रिमला सुटी लोखंडी रिंग असते. हवा भरताना ती निसटली, तर तोफेच्या गोळ्यासारखी उडते. अशा चाकात हवा भरताना ते लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे आणि कोणीही समोर उभे राहू नये. टायर चढलेले असताना रिमला वेल्डिंग कधीही करू नये. आतील हवा व वायू तापून टायरचा स्फोट होतो. दोन भिन्न आकारांची टायरे एकाच आसावर बसवू नयेत. आणि शेवटची गोष्ट ही की, भाजीच्या भरावर माणसे बसवू नयेत. टायर फुटल्यावर गाडी सावरता येईलही; भरावरून फेकलेला मजूर सावरता येत नाही.

गावात प्रात्यक्षिक कसे घ्यावे?

भात कापणीनंतर भाजीपाल्याच्या वाहतुकीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी हा पाठ द्यावा. गाड्या आणि माणसे एकत्र येतात अशा ठिकाणी, उदाहरणार्थ आठवडे बाजार किंवा पौषातील म्हशाची यात्रा, प्रात्यक्षिक घेतल्यास लाभ अधिक होतो. साहित्य म्हणून एक सायकल, ओली माती, दोरी व दगड, हवेचा मापक आणि एक बादली पाणी एवढे पुरे.

सायकलच्या चाकावर तोल दाखवावा. दोरीच्या दगडावर वेग व लय दाखवावी. बादली वेगाने डोक्यावरून गरगर फिरवून, पाणी का सांडत नाही व वेग कमी झाल्यावर का सांडते, हे दाखवावे. शेवटी जमलेल्या एखाद्या पिकअपच्या रिममधील वाळलेला चिखल काढून तो तराजूत तोलावा. चाकाला किती ओझे चिकटले होते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर पुढील स्पष्टीकरणाची आवश्यकता फारशी उरत नाही. त्यानंतर उपस्थितांस पुढील प्रश्न विचारावेत :

१. उभ्या गाडीच्या टायरमधील सुटे मणी कोठे असतात? ते तेथे असताना तोल साधतात काय?

२. वेग दुप्पट झाला, तर जड बाजूचा ओढा किती पट होतो?

३. ट्रॅक्टरच्या चाकात पाणी कशासाठी भरतात? चिखलणीपूर्वी ते का काढावे?

४. गाडी एका बाजूस ओढत असेल, तर तोल करून उपयोग होईल काय?

या प्रश्नांची उत्तरे गावातील चालकांनी स्वतःच्या शब्दांत दिली, म्हणजे पाठ सफल झाला असे समजावे. सुट्या पदार्थाने तोल साधणे ही यंत्रशास्त्रातील खरी गोष्ट आहे. परंतु ती विशिष्ट रचनेच्या व विशिष्ट वेगाच्या यंत्राची आहे. मुरबाडहून कल्याणला रात्री भाजी घेऊन निघालेल्या पिकअपसाठी धुतलेली रिम, मोजलेली हवा, आवळलेले नट व यंत्रावर केलेला तोल हेच खात्रीचे उपाय होत. नदीची वाळू नदीत व घरची कणी घरातच राहू द्यावी.